फुकटचा नायट्रोजन

2023 च्या जुलैअखेरीस मी पुण्यातून आप्पांना फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "सोयाबीनला युरिया टाकू नका. मुळावरच्या गाठी हवेतला नायट्रोजन फुकट ओढून घेतात." पेरताना रायझोबियमचं पाकीट बियाण्याला चोळलेलं होतंच. "फुकट?" आप्पा म्हणाले. मग थोडं थांबून, "बरं. तू म्हणतोस तर राहू दे."

45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळायची, म्हणजे मी त्यांचे फार पैसे वाचवले असंही नाही. मला फक्त बरोबर ठरायचं होतं.

ऑगस्टात पावसानं ओढ दिली. 1901 पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. लातूरकडचं आमचं रान ऐन फुलात होतं. खालची पानं पिवळी पडली. शेजाऱ्यांनी युरिया दिला होता. त्यांचंही सुकलं, पण आमच्याइतकं नाही, असं मला अजून वाटतं. आप्पा काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

राखीला गेलो तेव्हा पाच-सहा झाडं खुरप्यानं उकरली आणि गाठी ब्लेडनं कापल्या. चालू गाठ आतून गुलाबी असते, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं लेगहिमोग्लोबिन तिथं असतं म्हणून. आमच्या बहुतेक हिरवट, करड्या होत्या.

मग रात्री गच्चीवर मोबाईलवर वाचत बसलो. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला कारखान्यात 400 ते 500 अंश तापमान आणि दीडशे-दोनशे पट हवेचा दाब लागतो. गाठीतले जिवाणू तेच काम मातीच्या तापमानाला करतात, पण एका रेणूमागे किमान 16 एटीपी मोजून. शिवाय आठ इलेक्ट्रॉनांपैकी दोन तर हायड्रोजन वायू बनवण्यातच जातात. हा सगळा खर्च पानांनी बनवलेल्या साखरेतून. मोजण्या वेगवेगळ्या आहेत, पण एक ग्रॅम नायट्रोजनमागे साधारण सहा ग्रॅम कार्बन जातो, कधी बारापर्यंतही. तेवढ्यात शेंगा भरल्या असत्या.

म्हणून झाड चिकट असतं. मातीत नायट्रेट आयतं मिळालं की गाठी कमी करतं. 2003 साली टोबी कियर्स आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या गाठींभोवती नायट्रोजनऐवजी आरगॉन सोडला. जिवाणूंना काम करणं शक्यच नव्हतं. झाडानं त्या गाठींचा ऑक्सिजन आवळला, आतल्या जिवाणूंची वाढ साधारण निम्म्यावर आली. (आमच्या ऑफिसात क्लाउडचं बिल आल्यावर कुठला सर्व्हर बंद करायचा यावर तीन मीटिंगा होतात.)

आणि जुलैत मला माहीत नसलेली गोष्ट: जमीन सुकू लागली की सोयाबीनच्या गाठी पानांच्या आधी हात आखडतात. पानं अजून साखर बनवत असतात, तोवर नायट्रोजन आटलेला असतो.

दिवाळीत हे सगळं आप्पांना सांगितलं. माफीसारखंच होतं, फक्त तो शब्द वापरला नाही. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं.

"म्हणजे फुकट नव्हतं."

"नव्हतं."

"मग पुढच्या साली अर्ध्या रानात टाकू, अर्ध्यात नको. काटा लावू दोन्हीकडं." अडकित्ता खाली ठेवत म्हणाले, "पण गाठी तू मोजायच्या. हितं येऊन. फोनवर नाही."