लाल रेषेविना वसईचा किल्ला

चि. बबडीस,


बॉस्टनच्या फ्रीडम ट्रेलबद्दल तू लिहिलंस ते घरात सगळ्यांनी वाचलं. फुटपाथवरची लाल रेषा धरून चालत राहायचं, वाटाड्या नको, कुणाला विचारायला नको आणि चार किलोमीटरांत सोळा ठिकाणं पाहून मोकळं व्हायचं. ‘आपल्या किल्ल्यात अशी रेषा का नाही?’ हा तुझा प्रश्न मात्र हसून सोडून देण्यासारखा नाही.

त्या रेषेचं मूळ एका पत्रकाराच्या डोक्यात आहे. शहरातली ऐतिहासिक ठिकाणं एका पायवाटेनं जोडावीत, असं विल्यम स्कोफील्ड यांनी १९५१ साली सुचवलं आणि बॉस्टनने ते मनावर घेतलं. गंमत अशी, की ही वाट पायांची सोय बघते, सनावळीची नाही. ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यात १७७५च्या एप्रिलमध्ये इशाऱ्याचे कंदील टांगले गेले. ते पाहून निघालेला माणूस नदी ओलांडून १७९७ साली पाण्यात उतरलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेपाशी जातो आणि त्यानंतर पुन्हा मागे, १७७५च्या जूनमधल्या लढाईच्या बंकर हिल स्मारकाच्या २९४ पायऱ्या चढतो. इतिहास असा पुढे-मागे होतो, पण पाहुण्याची तक्रार नसते. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. त्याच शहरात बीकन हिलच्या बाजूला आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या इतिहासाची वेगळी पायवाट आहे. म्हणजे एका रेषेत एक शहर मावलं नाही.

वसईत तर पहिल्याच पावलाला वाद होईल. सुरुवात कुठून करायची? किल्ल्याला मोठे दरवाजे दोन, एक जमिनीकडे आणि एक खाडीकडे. ज्या दरवाजाने माणूस आत शिरेल, ती गोष्ट त्याला आधी ऐकू येईल.

बहुतेक लोक जमिनीकडून येतात. वसई रोड स्टेशनवर उतरायचं, बसने किंवा रिक्षाने पारनाक्यापर्यंत यायचं आणि तिथून चालू लागायचं. भुई दरवाजा म्हणजे एकामागे एक दोन दरवाजे, मध्ये वळण. हल्ला करणाऱ्याला सरळ मुसंडी मारता येऊ नये, ही त्यामागची युक्ती. इथून शिरणाऱ्याला पहिल्यांदा भेटतो तो १७३९चा वेढा. दलदल, तट आणि तटावरच्या तोफा यांपुढे मराठ्यांना सुरुंगांचाच आधार होता. सॅन सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं, आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला चिमाजी अप्पांच्या स्वाधीन केला. शिबंदीला शस्त्रांसह बाहेर पडू दिलं गेलं. त्या जमान्यातल्या वेढ्यांच्या मानाने हा शेवट बराच सभ्य म्हणायचा.

या वाटेने येणाऱ्याचा इतिहास किल्ल्यात संपतही नाही. चिमाजी अप्पांनी नवस फेडायला बांधलेलं वज्रेश्वरीचं देऊळ भिवंडी तालुक्यात आहे. चर्चमधून उतरवलेल्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीत टांगलेल्या आहेत. वसईची खरी रेषा आखायची तर रंगाचा डबा घेऊन सह्याद्री चढावा लागेल!

खाडीकडून आलं की हेच ठिकाण वेगळं दिसतं. २०२४ पासून भाईंदर ते वसई रो-रो बोट सुरू झाली, त्यामुळे ही वाटही आता सोपी आहे. पाण्यातून आधी तट दिसतो, मग किल्लाबंदरच्या होड्या, वाळत घातलेली मासळी, आणि मग दर्या दरवाजा. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई मिळवल्यावर पोर्तुगीजांनी इथे नुसता किल्ला उभारला नाही, उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी वसवली. १५३६चा बालेकिल्ला सगळ्यांत जुना. त्याच्या दरवाजावरची राजचिन्हं अजून ओळखू येतात. सेंट जोसेफच्या मनोऱ्यात अरुंद चक्री जिना आहे. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये छप्पर राहिलेलं नाही, पण जमिनीवर कोरीव अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा तशाच आहेत. पाऊल जपून टाकावं लागतं. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत खांबांसकट उभी आहे. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ साली संत ठरले. त्यांच्या सणाला भाविक किल्ल्यात जमतात. त्यांच्यासाठी हे अवशेष नाहीत, चालू देवस्थान आहे. नागेश्वराच्या देवळात येणाऱ्यांचंही तसंच.

यांतल्या कुठल्या वाटेला लाल रंग द्यायचा? आणि ३१ डिसेंबर १८०२ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी इथे केलेला तह कुठे बसवायचा? पेशवाईचं स्वातंत्र्य त्या कागदावर गेलं. वसईच्या विजयाची जेवढी चर्चा होते, त्याच्या दशांशही त्या तहाची होत नाही. कुणालाही आपल्या रेषेवर हा थांबा नको असतो.

फलक मात्र हवेत, त्यात दुमत नाही. गेर्सन द कुन्हा या गोमंतकीय डॉक्टरांनी १८७६ साली चौल-वसईवर पुस्तक लिहिलं. हातात ते असेल तर आजही अवशेष ओळखता येतात. बाकी पाहुणा अंदाजानेच हिंडतो. लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांना कमान कुठल्या चर्चची याच्याशी काही देणंघेणं नसतं, आणि कोल्डप्लेच्या २०१६च्या गाण्याचं चित्रीकरण कुठे झालं ते शोधत येणारी पोरं नेमकी तेवढीच भिंत शोधतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तीही एक वाटच. पण तिच्यावर नाव, साल आणि दोन ओळी लिहिलेला दगड असता तर पोरांचे पाय थबकले असते. बॉस्टनकडून उचलायचंच तर रेषेऐवजी हे उचलावं.

तेव्हा डिसेंबरात मैत्रिणींना घेऊन येशील, तर त्यांना भाईंदरहून बोटीने आण. आजीला घेऊन मी पारनाक्यावरून येतो. मधे कुठेतरी भेटू आणि कुणी काय पाहिलं त्यावर भांडू. ऊन चढायच्या आत निघा, पाणी बरोबर घ्या, बोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. मनोऱ्याचा जिना उघडा मिळाला तरी आजीला सांगू नकोस, ती चढेल.

किती जणी येणार ते लवकर कळव. मामीला सुकेळी मागवून ठेवायची आहेत.

तुझा,
मामा