चॅपेलच्या दाखल्यातलं माहेर

वेल्सच्या उत्तरेला, पाटीच्या दगडाच्या खाणींच्या मुलखात बेथेस्डा नावाचं गाव आहे. नाव बायबलमधलं, पण गावाला ते मिळालं तिथल्या चॅपेलवरून. देवळावरून गावाचं नाव पडावं, हे आपल्याला काही नवीन नाही, नाही का?

मैत्रिणींनो, वेल्समध्ये फिरताना अशी साधी दगडी चॅपेलं गावोगावी दिसतात. बेथेल, सालेम, एबेनेझर अशी नावं दारावर कोरलेली. आत ना मूर्ती, ना झगमगाट. सरकारमान्य अँग्लिकन चर्चपासून वेगळ्या झालेल्या बाप्टिस्ट, मेथडिस्ट, इंडिपेंडंट या पंथांच्या लोकांनी वर्गणी काढून ती बांधली. आज त्यांच्या दारात लांबलांबचे पाहुणे येतात. वेल्सची माणसं अमेरिकेला गेली, ऑस्ट्रेलियाला गेली. १८६५ साली तर दीडशेच्या आसपास माणसं 'मिमोसा' जहाजानं थेट दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियात जाऊन राहिली. त्यांची पणतवंडं आता विचारत येतात, "आमच्या पणजीचं लग्न इथंच लागलं का हो?"

अशीच एक बाई आम्हाला बेथेस्डात भेटली. हातात पणजीच्या लग्नाच्या दाखल्याची नक्कल. नवऱ्याचं आडनाव जोन्स. आता वेल्समध्ये जोन्स शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई! पूर्वी तिथं आडनावं नव्हतीच. मुलगा असेल तर 'अॅप' म्हणजे अमक्याचा मुलगा, एवढंच. पुढं बापाचंच नाव आडनाव झालं, जॉनचे झाले जोन्स. मग एका गावात इतके जोन्स झाले, की लोक त्यांना शेतावरून नाहीतर धंद्यावरून ओळखू लागले. दूधवाला जोन्स, पाववाला जोन्स!

म्हणून नुसतं नाव पुरत नाही, लग्न कुठं लागलं ते कळावं लागतं. इथं कायद्याची एक खूणगाठ मारून ठेवावी. १७५४ पासून क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावावं लागे. त्यामुळे चॅपेलच्या माणसांचीही तेव्हाची लग्नं चर्चच्या वहीतच सापडतात. १ जुलै १८३७ पासून नोंदणी केलेल्या चॅपेलमध्ये लग्न लावायला परवानगी मिळाली, मात्र सरकारी रजिस्ट्रार हजर हवा. ही अट १८९९ पासून सैल झाली. दाखल्यावर चॅपेलचं नाव आणि पंथ असतो. तो धागा धरला, की त्या चॅपेलची सभासदांची यादी, बाप्तिस्म्याची वही, वर्गणीचे छापील अहवाल कुठं शोधायचे ते कळतं. अशी पुष्कळ कागदपत्रं आबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेली आहेत.

त्या बाईनं दाखला माझ्यापुढं धरला. नवरीचं माहेरचं आडनाव होतं, वय होतं, वडिलांचं नाव आणि 'खाणकामगार' हा धंदाही होता. सहीच्या जागी फुली. पणजीला लिहिता येत नव्हतं. मी विचारलं, "आणि आईचं नाव?" ती हसली. म्हणाली, "त्याला रकानाच नव्हता."

खरंच नव्हता! इंग्लंड-वेल्सच्या लग्नाच्या दाखल्यात १८३७ पासून फक्त वधूवरांच्या वडिलांची नावं असत. आयांची नावं घालायला ४ मे २०२१ उजाडावं लागलं. ज्या आईनं मुलगी वाढवली, ती दाखल्यात कुठंच नाही. वाचताना मला कससंच झालं.

पण वाट आहे, बरं का. १८३७ नंतरच्या जन्मदाखल्यात आईचं माहेरचं आडनाव लिहिलेलं असतं. म्हणजे लग्नाच्या दाखल्यावरून बाप शोधायचा, मग मुलीचा जन्मदाखला काढून आई गाठायची. जन्म त्याआधीचा असेल, तर चॅपेलच्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहाव्यात. त्यांतल्या पुष्कळशा १८४० च्या सुमारास सरकारनं गोळा केल्या, त्या आता लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. शिवाय थडग्यांवरचे वेल्श लेख वाचावेत. 'मेर्ख' म्हणजे मुलगी आणि 'ग्व्राइग' म्हणजे बायको, एवढे दोन शब्द पाठ असले तरी काम भागतं.

आता घाई मात्र आहे. चॅपेलांत माणसं उरली नाहीत. एकेक बंद होतं, विकलं जातं, कुणी त्याचं घर करतं. कागद ग्रंथालयात पोचले तर वाचले. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींना तर कुठलंच ग्रंथालय नाही.

आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच काय, कधी कधी नावही बदलतं. तेव्हा तुमच्या आईला, सासूबाईंना आजच विचारा: त्यांच्या आईचं, आजीचं माहेरचं नाव काय, गाव कोणतं. आणि ते जुन्या फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवा. आपल्या पणतीला शोधत फिरायला लागू नये.