कुठली गं तू?

बेळगावात आमच्या घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. लहानपणी कोणी विचारलं, "नेमकी कुठली गं तू?" की मी गप्पच व्हायची.

इंग्लंडमधल्या अमृत आणि रबिंद्र कौर सिंग या जुळ्या चित्रकार बहिणी गप्प बसल्या नाहीत. लिव्हरपूलजवळ वाढलेल्या या मुलींचं घर शीख, शाळा कॉन्व्हेंटची. भारतात आल्यावर त्यांनी लघुचित्रं पाहिली आणि तीच शैली धरली. विद्यापीठात शिक्षक म्हणाले, हे जुनाट आहे. युरोपातले आधुनिक चित्रकार बघा. बहिणींनी उलट विचारलं, त्यांनी आफ्रिकेकडून, जपानकडून घेतलेलं चालतं, मग आम्ही आमच्याच घरातलं का घ्यायचं नाही?

पुढे त्यांच्या चित्रात फुटबॉलपटू बेकहॅम आणि त्याची बायको राजा-राणीच्या थाटात बसली! बारीक नक्षी आपली, माणसं तिकडची. अनेक चित्रांवर दोघी मिळून काम करतात. २०११ साली त्यांना एमबीई हा ब्रिटिश किताब मिळाला.

किताबापेक्षा मला त्यांचा तो प्रश्न मोठा वाटतो.

परवा नात शाळेतून आली. "आजी, मुली विचारतात, तू कन्नड की मराठी?"

म्हटलं, "सांग त्यांना, दोन्ही." माझं उत्तर साठ वर्षं उशिरा आलं, एवढंच.