थिसलगॉर्मवरून गेलेल्या वस्तू

इजिप्तच्या शर्म अल शेखपासून बोटीने काही तासांवर, तांबड्या समुद्रातल्या गुबालच्या सामुद्रधुनीत, तीसेक मीटर खोल पाण्यात एसएस थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज बसले आहे. १९४० मध्ये संडरलंडला बांधलेले. भूमध्य समुद्राची वाट धोक्याची, म्हणून ग्लासगोहून आफ्रिकेला वळसा घालून ते उत्तर आफ्रिकेतल्या फौजांसाठी माल घेऊन आले. त्या फौजांत चौथी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणही. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी मध्यरात्रीनंतर जर्मन विमानांचे बॉम्ब पडले, पोटातला दारूगोळा फुटला आणि जहाज तळाला गेले.

आज तिथे जगभरचे डायव्हर उतरतात. तिथून गेलेल्या आणि जात असलेल्या वस्तूंची ही यादी.

घंटा. १९५० च्या दशकात फ्रेंच समुद्र-संशोधक जाक-इव्ह कुस्तो यांच्या चमूने जहाज शोधले, त्याचे चित्रीकरण केले. जहाजाची घंटा, कप्तानाची तिजोरी आणि एक मोटरसायकल त्यांनीच वर काढली. नेणाऱ्यांत पहिला नंबर शोधणाऱ्यांचा.

मोटरसायकली. बेडफर्ड ट्रकांच्या हौद्यात बीएसए गाड्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. टॉर्च मारला की आधी चाक दिसते, टायरचे रबर अजून शाबूत. मग पेट्रोलची टाकी, गंजून चाळण झालेली. मग सीटचा सांगाडा, त्याखाली दडलेला एखादा मासा. दिवे, मीटर, नाममुद्रा शोधू नयेत. सुटण्यासारखे होते ते बऱ्याच गाड्यांवरून सोडवून नेले आहे.

स्टिअरिंग. ट्रकांची. पिशवीत मावतात, म्हणून गेली.

बूट. रबरी, गुडघ्यापर्यंतचे, सैनिकांसाठी आणलेले. कुणाच्याही पायात न गेलेले. रबराला गंज चढत नाही, म्हणून अजून आहेत, पण जोड्या फुटल्या.

रायफली. ली एन्फिल्ड. पेट्यांचे लाकूड संपले आणि रायफली एकमेकींना चिकटून त्यांची ढेप झाली. सुटी निघत नाही, म्हणून वाचली.

वाफेची रेल्वे इंजिने. दोन. डेकवर होती. स्फोटाने उडून जहाजाच्या दोन बाजूंना वाळूत पडली. कुणाला उचलता येत नाहीत, म्हणून जागच्या जागी.

कठडे. वर आलेल्या बोटी वर्षानुवर्षे आपले दोर थेट जहाजाला बांधत आल्या. प्रत्येक लाटेसरशी बोट हिसका देते आणि आठ दशके गंजलेले लोखंड तो सोसते. एक दिवस कठडा तुटतो, त्याच्यासोबत पत्राही निघतो. बोटींना दोर बांधायला मध्यंतरी वेगळे मुरिंग बसवले होते. ते टिकले नाही.

छताचे पत्रे. आत शिरलेल्या डायव्हरच्या तोंडून सुटलेली हवा वर छताला अडकून राहते. हवा आणि खारे पाणी एकत्र आले की गंज जोर धरतो. काहीही न चोरणारा माणूसही इथून थोडे नेतोच.

शांतता. हे जहाज कबरस्तानही आहे. त्या रात्री नऊ जण गेले, चार खलाशी आणि तोफांवरचे पाच नौसैनिक. अँगस मॅकले या खलाशाने तापलेल्या डेकवरून अनवाणी जाऊन एका जखमीला बाहेर आणले, त्याबद्दल त्याला जॉर्ज मेडल मिळाले. ट्रकांच्या मॉडेलची माहिती बोटीवर हौसेने सांगितली जाते, तशी या नऊ जणांचीही सांगितली पाहिजे.

२०१७ मध्ये अलेक्झांड्रिया, ऐन शम्स आणि नॉटिंगहॅम विद्यापीठांच्या अभ्यासकांनी हजारो फोटो जोडून सबंध जहाजाची त्रिमितीय नोंद केली. आता निदान काय काय होते ते दाखवता येईल. नोंद झाली म्हणून वस्तू वाचत नाही.

गंज थांबवणे कुणाच्या हातात नाही. हात आवरणे आहे. तारकर्लीला स्कूबा शिकून उद्या तुमच्यापैकी कुणी तांबड्या समुद्रात उतरणार असेल, तर बोट ठरवतानाच विचारा की दोर कुठे बांधणार. जहाजाला बांधणार असतील तर दुसरी बोट बघा. आणि खाली गेल्यावर कशालाही हात लावू नका.