भित्री भागूबाई आणि दहा नंबरच्या सुया

आमच्या घरात सध्या तिघं राहतात. मी, बायको आणि भागू. मी आणि बायको घरात राहतो, भागू पलंगाखाली राहते.

झालं असं, की लेक कॉलेजला गेली आणि घर एकदम ऐसपैस वाटायला लागलं. त्यातून विस्कॉन्सिनचा हिवाळा. तो नोव्हेंबरात येतो आणि एप्रिलमध्ये "निघतो हं आता" म्हणत, आपल्याकडच्या पाहुण्यांसारखा दारातच तासभर उभा राहतो. मॅडिसनमधली तळी गोठतात आणि हौशी मंडळी त्या बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसतात. अशा दिवसांत घरात काहीतरी जिवंत, हलतं हवं असं बायकोचं म्हणणं पडलं. मी माशांची टाकी सुचवली. आलं मांजर.

तिला प्राण्यांच्या आश्रयगृहातून आणलं. जन्म एका गोठ्यातला. आमचं राज्य म्हणजे दुधदुभत्याचं राज्य, आणि गोठा म्हटला की उंदीर आले, उंदीर म्हटले की मांजरं आली. ही गोठ्यातली मांजरं माणसाळलेली असतातच असं नाही. पिल्लाला माणसाची सवय लागायची ती सर्वांत सहज लागते वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. आमची बाई आश्रयगृहात आली तेव्हा चार महिन्यांची होती. थोडक्यात, गाडी केव्हाच स्टेशनातून सुटलेली. घरी आल्या आल्या ती जी लेकीच्या पलंगाखाली शिरली, ती शिरलीच. नाव ठेवायला वेळ लागला नाही. भित्री भागूबाई!

आता मी पडलो इंजिनियर. अडचण दिसली की सोडवायची, एवढंच आम्हाला येतं. रोज सकाळ-संध्याकाळ मी जमिनीवर पालथा पडून, हातात टॉर्च घेऊन पलंगाखाली बघायचो. "काय गं, जेवलीस का? पाणी प्यालीस का? बाहेर का येत नाहीस?" किती ग्रॅम खाणं संपलं त्याचा एक तक्ताही केला होता. उत्तरादाखल कोपऱ्यातून दोन हिरवे दिवे चमकायचे आणि "फिस्स" असा आवाज यायचा. दहा दिवस हे चाललं. तक्ता सुंदर झाला, मांजर इंचभरही पुढे आलं नाही.

शेवटी आश्रयगृहाला फोन केला. तिथे एक आजी स्वयंसेवक म्हणून काम करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही तिच्याकडे बघता का?"

"म्हणजे काय! काळजी वाटते म्हणून तर सारखा बघतो."

"तेच करू नका," त्या म्हणाल्या. मांजराच्या भाषेत टक लावून बघणं म्हणजे धमकी. खोलीत जाऊन जमिनीवर बसा, तिच्याकडे पाठ किंवा कड करून. आपलं काहीतरी काम करा. मोठ्यांदा वाचा. नजरानजर झालीच, तर डोळे हळूच मिटा आणि हळूच उघडा.

मला ही थट्टाच वाटली, पण तसं नाही. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली हा डोळे मिटण्याचा प्रकार तपासून प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाने असे सावकाश डोळे मिटले, तर त्याने पुढे केलेल्या हाताकडे मांजरं जास्त येतात, असं त्यांना दिसलं. वाचनाचंही तसंच. पेनसिल्व्हेनियात बर्क्स काउंटीतल्या एका आश्रयगृहाने २०१३ पासून लहान मुलांना मांजरांपुढे बसून गोष्टी वाचायला लावलं. मुलांचं वाचन सुधारतं आणि मांजरांना माणसाच्या आवाजाची सवय होते. वाचताना अडखळलं तरी मांजर हसत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

तर मी वाचायला बसलो. घरात मराठी वाचायला काय, तर दर भारतवारीत बॅगेतून वजन चुकवून आणलेले दिवाळी अंक. एक जुना अंक उचलला आणि भागूकडे पाठ करून सुरू केला. आणि लक्षात आलं, की मोठ्यांदा मराठी वाचून मला कैक वर्षं झालीत. डोळ्यांनी वाचतो हो, पण जीभ गंजलेली. जोडाक्षर आलं की स्पीडब्रेकर आल्यासारखं व्हायचं. आठवडाभरात दोन कथा, एक प्रवासवर्णन, पाककृती आणि बारा राशींचं वार्षिक भविष्य वाचून झालं. भागूची रास माहीत नसल्यामुळे सगळ्याच वाचाव्या लागल्या. कन्या राशीपाशी पलंगाखालून नाक बाहेर आलं.

पण घसा किती चालणार? मग हाताला काम हवं म्हणून बायकोने माळ्यावरून एक पिशवी काढून दिली. उघडल्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आत राखाडी लोकर, आणि शिवणाच्या दोऱ्यात ओवून ठेवलेली स्वेटरची अर्धी पाठ.

ती आईची. २००९ साली आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते, तेव्हा तिने माझ्यासाठी घातलेला स्वेटर. चौथ्या महिन्यात बाबांची तब्येत बिघडली आणि दोघं घाईने नाशिकला परत गेली. आईने सुया तेवढ्या आठवणीने नेल्या. पुढे बाबाही गेले. ती अर्धी पाठ मात्र आमच्या माळ्यावर राहिली.

त्या शनिवारी रात्री नाशिकला फोन लावला. इथे रात्रीचे नऊ म्हणजे थंडीच्या दिवसांत तिकडे रविवार सकाळचे साडेआठ. आमचे फोन कसे असायचे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. "गोळ्या घेतल्यास? डॉक्टरकडे गेली होतीस? बाई येते ना कामाला? गॅस नीट बंद करतेस ना?" आणि तिकडून, "हो. हो. सगळं छान आहे. तू जेवलास का?" सहा मिनिटांत दोन्ही बाजूंचे प्रश्न संपायचे. मग थोडं हवामान, आणि "ठेवू मग?"

त्या दिवशी मी विचारलं, "आई, तो राखाडी स्वेटर पुढे कसा विणायचा?"

पलीकडे इतका वेळ शांतता होती, की मला वाटलं कनेक्शन गेलं. मग म्हणाली, "दहा नंबरच्या सुया आण."

आणल्या. दुकानातल्या बाईंनी "टेन" म्हटल्यावर दिल्या त्या चांगल्या जाडजूड, मोदकाच्या चमच्याच्या दांड्यासारख्या. दोन संध्याकाळी खपून चार इंच नमुना विणला आणि कॅमेऱ्यापुढे धरला. आई म्हणाली, "हे काय, मासे धरायचं जाळं का?"

भानगड अशी, की आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकेत बरोबर उलटं. आपली दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, इथली दहा नंबर म्हणजे सहा मिलिमीटर. आईची दहा नंबर इथे तीन नंबर म्हणून मिळते. एककांचा घोळ केल्यामुळे नासाचं मंगळयान १९९९ साली नष्ट झालं होतं. माझं फक्त जाळं झालं.

मग रीतसर शिक्षण सुरू झालं. फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवायचा, कॅमेरा हातांवर. तिकडेही तसंच. एक सुलट, एक उलट. टाका गळला तर खालच्या ओळीतून कसा उचलायचा. चुकलं तर कुठपर्यंत उसवायचं. मी हुशारी करून वाचनालयातून एलिझाबेथ झिमरमन यांचं पुस्तकही आणलं. जन्माने इंग्लंडच्या, पण आमच्या विस्कॉन्सिनमध्येच एका जुन्या शाळेच्या इमारतीत घर करून राहिलेल्या या बाईंनी १९७१ साली 'निटिंग विदाउट टिअर्स' लिहिलं. त्यांनी स्वेटरचं गणितच मांडलं आहे. एका इंचात किती टाके बसतात ते मोजा, त्याला छातीच्या घेराने गुणा. इंचात पाच टाके आणि घेर चाळीस इंच, तर दोनशे. हे झाले शंभर टक्के. मग मनगटाला त्याचे वीस टक्के, म्हणजे चाळीस टाके. बाहीचा वरचा भाग साधारण एक तृतीयांश. मी खूश! आईला उत्साहाने सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "टक्के कसले काढतोस? अंगाला लावून बघायचं." मग थोडं थांबून, "तेव्हा तुझी छाती अडतीस होती. आता पोटाचंही माप घे."

आणि भागू? एकदा मी ओळ विणत असताना मांडीला काहीतरी ऊबदार लागलं. मी बघितलं नाही. (बघावंसं किती वाटलं ते मलाच ठाऊक.) पुढच्या आठवड्यात ती पिशवीशेजारी बसायला लागली.

इथेच मी चुकलो. मांजर आणि लोकरीचा गुंडा ही जोडी आपण कॅलेंडरवर इतक्यांदा पाहिलेली, की त्यात धोका असेल असं मनातही येत नाही. एका रात्री दाराची बेल वाजली म्हणून उठलो, परत आलो तर लोकर कुरतडून तुटलेली आणि भागू मिटक्या मारत बसलेली. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. धागा एकदा आत गेला की बाहेर थुंकणं कठीण. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलं आणि बाकीचा आतड्यात पुढे सरकत राहिला, तर नाडी ओढल्यावर विजारीला पडतात तशा आतड्याला चुण्या पडतात. मग शस्त्रक्रियाच. धाग्याचं टोक तोंडातून लोंबत असलं तरी आपण ओढायचं नाही, आतडं कापलं जाऊ शकतं. हे सगळं मला रात्री अकरा वाजता प्राण्यांच्या इमर्जन्सी दवाखान्यात कळलं. तासाभराच्या आत पोचल्यामुळे डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन देऊन उलटी करवली. हातभर राखाडी लोकर बाहेर आली. भागू वाचली. तेव्हापासून आमच्याकडे लोकर झाकणाच्या डब्यात असते, झाकणाला भोक पाडून तेवढा धागा बाहेर. काम थांबलं की सगळं डब्यात, डबा कपाटात.

पण तिला धरून, पेटीत कोंबून, गाडीत घालून नेलं होतं ना. घरी येताच ती परत पलंगाखाली. परत फिस्स. दीड महिन्याची कमाई एका रात्रीत साफ. टॉर्च काढायची फार इच्छा झाली. नाही काढला. दिवाळी अंक काढला आणि मेष राशीपासून सुरुवात केली.

त्याच्या पुढच्या शनिवारची गोष्ट. मी गळ्याच्या आकारापाशी आलो होतो. आईने तिकडे कोणाच्या तरी नातवाच्या बाळंतविड्यासाठी टोपरं घातलं होतं. पाऊण तास झाला असेल, कोणी फारसं बोललं नव्हतं. तिच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. ती टाके मोजत होती.

"तेवीस, चोवीस... मागच्या महिन्यात मी पडले होते रे न्हाणीघरात... पंचवीस, सव्वीस."

माझे हात थांबले. तोंडात प्रश्नांची रांग तयार झाली. केव्हा? कशी? एक्स-रे काढला का? सांगितलं का नाहीस? टॉर्च हातात आलाच होता म्हणा ना.

मी ओळ पूर्ण केली. खरं सांगतो, आयुष्यात इतकी लांब ओळ विणली नव्हती. मग सुईकडेच बघत विचारलं, "फार लागलं का गं?"

"मनगटाला. मोडलं नाही. शेजारच्या वहिनींनी नेलं दवाखान्यात. तीन आठवडे विणता येत नव्हतं, तेव्हा तुला म्हणाले ना, लोकर संपलीय म्हणून." मग म्हणाली, "तू इतके प्रश्न विचारतोस रे, की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं. मग वाटतं, पास होऊन टाकावं."

यावर मी काय बोलणार? "पुढे किती टाके बंद करू?" असं विचारलं. तिने सांगितलं. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची गोष्ट मग तिनेच काढली. दुसऱ्या आठवड्यात बसलीही.

आमचे फोन आता तासभर चालतात. त्यात बोलणं जेमतेम दहा मिनिटांचं. बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल ती पहिल्यांदा काही बोलली, तेही बाहीच्या घटवणीच्या मध्येच. मी वर बघितलं नाही.

स्वेटर अजून झालेला नाही. एक बाही दुसरीपेक्षा दीड इंच लांब आहे, आणि आई म्हणते उसव. भागू पलंगाखालून अर्धी बाहेर येते, पुढचे दोन पाय आणि डोकं. बाकीची अजून विचार करतेय. आम्हालाही घाई नाही.