आम्ही की आपण?

जर्मनीत रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल लावायचं नाही. रात्री दहानंतर तर सगळ्या इमारतीनं चोरपावलांनी वावरायचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी या बाबतीत फार कडक. कुकरच्या शिट्ट्यांची तक्रार घेऊन एकदा जिना चढून वर आल्या होत्या.

१३ जुलै २०१४ला रविवारच होता. रिओमध्ये वर्ल्ड कप फायनलच्या ११३व्या मिनिटाला मारिओ ग्योट्झेनं अर्जेंटिनावर गोल केला, जर्मनी चौथ्यांदा विश्वविजेता झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्याच आजी बाल्कनीत उभ्या राहून पातेलं बडवत होत्या. रस्त्यावर हॉर्न वाजवत गाड्यांची मिरवणूक. आम्हाला बघून त्या ओरडल्या, "विअर जिंकलो!"

जर्मन भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' या दोन्हींना एकच शब्द आहे, 'विअर'. आजींनी आम्हाला त्यात धरलं होतं की फक्त बातमी दिली होती? आनंदाच्या भरात मी ते 'आपण' असंच ऐकलं.

मी कोल्हापूरची. तिथे हा प्रश्नच येत नाही. पेठ कोणती, तालीम कोणती, त्यावरून तुमचा संघ जन्मतःच ठरतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ भिडले की लग्न होऊन दुसऱ्या पेठेत गेलेली आमची आत्या तेवढ्या दिवसापुरती माहेरची होते. त्यामुळे फुटबॉलचं वेड मला नवीन नव्हतं. नवीन होतं ते कुठल्याच पेठेत नसणं.

२०१८मध्ये जर्मनी गटातच बाद झाली. शेवटच्या सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार. आमचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि त्याच्या अंगात मेसुत ओझिलचा १० नंबरचा शर्ट होता. ओझिलनं स्पर्धेआधी तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांसोबत फोटो काढला होता. त्यावरून वाद पेटलेलाच होता, हरल्यावर त्यात तेल पडलं. २२ जुलैला त्यानं राष्ट्रीय संघ सोडला. जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की स्थलांतरित, अशा आशयाचं त्याचं म्हणणं सगळीकडे छापून आलं.

जेवताना मुलानं विचारलं, "ओझिल गेल्झेनकिर्शनलाच जन्मला ना? मग लोक त्याला परत जा का म्हणतायत? परत कुठे?" मग थोडं थांबून म्हणाला, "मी तर इथे जन्मलोपण नाही."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ताटातली आमटी गार झाली.

त्याच सप्टेंबरात तो गावातल्या क्लबकडून खेळायला लागला. जर्मन फुटबॉल महासंघाच्या क्लबांचे ७० लाखांहून जास्त सदस्य आहेत. हे वेड टीव्हीपेक्षा अशा गावोगावच्या मैदानांवर जास्त राहतं. तिथे पालकांनी आळीपाळीनं केक आणायचा, मुलांना गाडीतून न्यायचं आणि सामना झाला की सगळ्या संघाचे शर्ट एका घरी धुवायला न्यायचे. त्याची यादी लागते. यादीत आमचंही आडनाव होतं, स्पेलिंग चुकलेलं.

आमची पाळी आली त्या शनिवारी आमच्या पोरांनी सात गोल खाल्ले. पाऊस, चिखल, रडारड. कोचनं काही न बोलता ती जड, ओली पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढच्या शनिवारची वेळ सांगितली.

गाडीत नवरा समजुतीनं म्हणाला, "जाऊ दे रे, पुढच्या वेळी जिंकू आपण."

मागच्या सीटवरून मुलगा फणकारला, "बाबा, तुम्ही कुठे खेळलात? आम्ही हरलो. आम्ही!"

घरी तो नेहमी मराठीच बोलतो, पण हा शब्द इतक्या ठासून वापरताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. चिखलानं भरलेल्या दहा-बारा पोरांचं ते 'आम्ही' होतं आणि त्यात आईबाबांना जागा नव्हती. ओझिलबद्दलच्या त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. पण त्या दिवशी त्या शब्दाबाहेर बसून मला फार बरं वाटलं.

शर्टांचा चिखल निघायला मशीन दोनदा लावावं लागलं.