दुसऱ्याच्या वहीत

खानदेशात हिशेब आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, होतात. सालदाराचं साल त्या दिवशी संपतं, नवं ठरतं, आणि वर्षभराच्या उधारीच्या वह्याही त्याच सुमारास उघडतात. धरणगावात आमचं घर वर्षातला बराचसा काळ या वह्यांवरच चालायचं. रान कोरडवाहू. कापूस वेचून विकला की दिवाळीच्या पुढेमागे हातात पैसा यायचा. तोवर मीठमिरचीपासून शाळेच्या वह्यापुस्तकांपर्यंत सगळं कुणा ना कुणाच्या खात्यावर लिहून आणायचं. सतराव्या शतकात इंग्रजांनी कापडासाठी या गावात वखार घातली होती, तेव्हा पैशाची देवघेव आणि तिचं लिहिणं आमच्या गावाला नवं नव्हतंच.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आखाजीच्या आधी आबा किराणा दुकानात जाऊन बसायचे आणि आमचं पान पहिल्या ओळीपासून वाचायला लावायचे. मला शेजारी बसवायचे. दुकानदार वाचायचा, आबा मान हलवायचे. मधेच एखाद्या ओळीवर बोट ठेवायचे. "हे आमचं नाही. त्या आठवड्यात आम्ही शिरपूरला लग्नाला होतो." मग दुकानदार आठवून बघायचा, पोराला हाक मारायचा, कधी आईला निरोप जायचा. ओळ चुकीची निघाली तर तिथल्या तिथे खोडली जायची. बरोबर निघाली तर आबा मुकाट्याने कबूल करायचे. या प्रकाराला फार वेळ लागायचा आणि मला कंटाळा यायचा. पण आपलं देणं दुसऱ्याच्या हातात लिहिलेलं असलं तरी ते वाचून घेण्याचा, त्यावर बोट ठेवण्याचा हक्क आपला असतो, हे मी तिथे शिकलो.

दुसरी वही सोसायटीची. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीतून जिल्हा बँकेचं पीककर्ज मिळायचं. पेरणीच्या तोंडावर उचलायचं, ३१ मार्चच्या आत भरायचं. कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर इतर हक्कांत चढायचा, तो गावात कुणालाही वाचता यायचा. पैसे फिटले की सोसायटीचा सचिव बेबाकी दाखला द्यायचा. तो घेऊन तलाठ्याकडे जायचं, मग फेरफार होऊन बोजा उतरायचा. आबांच्या पत्र्याच्या पेटीत हे दाखले वर्षावार बांधून ठेवलेले होते. देणं फिटल्याचा पुरावा देणाऱ्याने लिहून द्यायचा आणि घेणाऱ्याने जपून ठेवायचा, हा त्यांचा शिरस्ता होता.

असा पुरावा मागण्याच्या हक्कामागे मोठी लढाई झाली आहे, हे मला फार पुढे वाचनातून कळलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि रोखे हिसकावून जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. राग कागदावर होता, कारण त्या कागदात काय लिहिलंय हे कर्जदाराला कळत नव्हतं आणि कळलं तरी बदलता येत नव्हतं. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्यात कर्जदार शेतकऱ्याला भरलेल्या पैशांची पावती, दरवर्षीचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिलेला होता. सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर १९०४ साली आला. आबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तरी ते वागत होते त्या हक्कानेच.

मी शेतीत राहिलो नाही. आयटीआय करून मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं. उन्हाळ्यात विजेचा दाब कमीजास्त झाला की विहिरीवरच्या आणि बोअरवरच्या मोटारी जळतात, तोच आमचा हंगाम. आता वही माझ्या हातात आली. जळकी मोटार घेऊन आलेला शेतकरी पैशाचं विचारलं की सांगतो, "कापूस इकसू तवय दिसू, भो." मी लिहून घेतो. कोण आखाजीला देईल, कोण पुढल्या दिवाळीला देईल, हे मला पान न उघडता ठाऊक असतं. ज्याच्या घरी वर्षभर दवाखाना चालू आहे त्याचं पान मी वेगळ्या नजरेने वाचतो. माझ्या वहीत आकडा असतो, पण निर्णय मी माणूस बघून घेतो.

तांब्याची तार रोखीने येते आणि मजुरी उधारीवर जाते, म्हणून मी बँकेतून धंद्यासाठी कर्ज घेतलं होतं. हप्ते वेळेवर जात होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना ३१ ऑगस्टपर्यंत सवलत दिली, पण व्याज चढतच राहिलं. उधारी अडकली, दुकान बंद, घरात आजारपण. सवलत संपल्यावर हप्ते थकले. पुढे शाखेने बोलावून एकरकमी तडजोड सुचवली. बायकोच्या पाटल्या मोडून मी ती रक्कम भरली. शाखेने पत्र दिलं, मी ते आबांच्या पेटीत ठेवलं. विषय संपला अशीच माझी समजूत होती, आणि तसं समजायला पत्रातला मजकूर पुरेसा होता. उरलेली रक्कम बँकेने सोडून दिली म्हणजे माझ्या नावापुढे 'सेटल्ड' हा शेरा लागेल आणि तो वर्षानुवर्षं राहील, हे त्या टेबलावर कुणीही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. ज्या कागदावर माणूस सही करतो त्याचा परिणाम त्याला आधी कळला पाहिजे, याबाबत माझं मत ठाम आहे.

मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा ते कळलं. साहेबांनी स्क्रीनकडे बघून "सिबिल खराब आहे" एवढंच सांगितलं. काय खराब आहे, विचारलं. ते दाखवता येत नाही म्हणाले.

दुकानात आलेल्या एका तरुणाने मोबाइलवर ॲप टाकून दिलं. फुकट, म्हणाला, दर महिन्याला स्कोअर दिसतो, वाढतो कसा तेही सांगतं. पॅन क्रमांक टाकला, ओटीपी टाकला, खालच्या बारीक अक्षरातल्या संमतीला टिचकी मारली. रंगीत अर्धवर्तुळात आकडा आला. ३०० ते ९०० च्या मोजपट्टीत माझा काटा लाल भागात होता. का, ते कुठेच नव्हतं.

त्यानंतर फोन वाजायला लागला. "तुमच्या स्कोअरमध्ये बदल झाला आहे." उघडावं तर बदल काहीच नाही, कर्जाची जाहिरात. "तुम्ही पात्र आहात." दाबावं तर अर्ज भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी नकार. त्या अर्जामुळे सावकारी कंपनीने माझी माहिती मागवली म्हणून नोंद झाली, आणि अशा नोंदी वाढल्या की स्कोअर आणखी खाली जातो. म्हणजे स्कोअर सुधारायला म्हणून जे उघडलं त्यानेच तो खाली ओढला. स्वतःचा स्कोअर स्वतः बघितल्याने तो घटत नाही, अर्ज केल्याने घटतो, हा फरक त्या पडद्यावर ठळक अक्षरात हवा. ठळक असतं ते अर्जाचं बटण. दिवसभर अनोळखी माणसांचे फोन यायचे, मोटारीचं गिऱ्हाईक समजून मी प्रत्येक उचलायचो.

मग दुसरं ॲप घेतलं तर तिथे वेगळाच आकडा. यातलं खरं कोणतं? उत्तर पुढे मिळालं. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण देशात कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: २००० साली स्थापन झालेली सिबिल, म्हणजे आताची ट्रान्सयुनियन सिबिल, शिवाय एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघांची दफ्तरं वेगळी, गणितं वेगळी. एका ॲपला एकीची माहिती, दुसऱ्याला दुसरीची. बँक मात्र तिसरीचीच बघत असते.

या सेवा फुकट का असतात, हे धंदा करणाऱ्या माणसाला समजायला अवघड नाही. कर्ज वाटलं गेलं की कर्ज देणाऱ्याकडून त्यांना पैसा मिळतो. म्हणून ज्याची बाजू लंगडी आहे त्याला त्या दुरुस्तीचा रस्ता सांगत नाहीत, जास्त व्याजाचं आणखी एक कर्ज सुचवतात. टाळेबंदीत मोडलेल्या, घरचं सोनं मोडून पैसे भरलेल्या माणसाला रोज सकाळी लाल काटा दाखवून नवं कर्ज विकणं मला क्रूर वाटतं. व्होल्टमीटर दाबाचा आकडा दाखवतो, पण कोणती कॉइल जळली ते मोटार उघडल्याशिवाय कळत नाही. माझी मोटार उघडून दाखवायला कुणी तयार नव्हतं.

ती उघडता येते, हे मला जळगावच्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने सांगितलं. जानेवारी २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने या चारपैकी प्रत्येक कंपनीने माणसाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. नुसता आकडा नाही, अख्खा अहवाल. तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मागवायचा. मी मागवला, सायबर कॅफेत छापून घेतला आणि दुकानात बसून ओळीने वाचला.

त्यात सगळं होतं. कोणत्या खात्यावर कोणत्या महिन्यात किती दिवस उशीर झाला, त्याचा मागच्या ३६ महिन्यांचा तक्ता. माझ्या कर्जापुढे 'सेटल्ड' हा शेरा. आणि शेवटी, ज्यांनी माझी माहिती मागवली त्यांची यादी. त्यात एक कंपनी अशी होती जिचं नावही मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्याच कुणाची नोंद माझ्या नावावर चढली असणार. आमच्याकडे पाटील, महाजन, चौधरी या आडनावांची माणसं गल्लीगल्लीत. नाव आणि बापाचं नावही जुळतं. पोस्टमन माणसं टोपणनावाने ओळखतो, यंत्राला ते जमत नाही. मी त्या ओळीवर खूण केली आणि कंपनीकडे हरकत नोंदवली. ती ओळ निघाली. ॲपमध्ये ती ओळ मला कधी दिसलीच नव्हती.

'सेटल्ड'चा शेरा काढायला वेळ लागला. त्यासाठी सोडून दिलेली रक्कमही भरावी लागते आणि बँकेने खातं पूर्ण फिटल्याचं कळवावं लागतं. दोन आखाज्यांची उधारी वसूल करून मी ती भरली. काहीच देणं नसल्याचा दाखला घेतला. तरी अहवालात जुनाच शेरा. शाखेत गेलं की "वरून होतं" हे उत्तर. आता कायदा काय म्हणतो ते मला माहीत होतं. हरकत घेतल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४ मध्ये लागू झाला. मी अर्जात तेवढंच लिहिलं, दाखल्याची प्रत जोडली आणि पोच घेतली. शेरा बदलून 'बंद' झाला. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती पंधरवड्याला कळवणं बंधनकारक झालं, आधी महिना लागायचा.

मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला. बरं झालं. पण रिवायंडिंगवाला, शिवणकाम करणारी बाई, पानटपरीवाला यांना पीककर्ज लागत नाही. त्यांना जे कर्ज लागतं तिथे तीच पट्टी आहे, आणि तीच राहणार आहे.

माझं पुढचं काम हळूहळू चाललंय. बँकेत छोटी मुदत ठेव करून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलंय. त्यावर तांब्याची थोडी तार आणतो आणि तारखेआधी पूर्ण पैसे भरतो. ॲप काढून टाकली, फोन कमी झाले. मुलीच्या कॉलेजची पहिली फी उधारउसनवार करून भरली.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे सांगतो, तुम्हालाही सांगतो. फुकटचा आकडा बघत बसू नका. चारही कंपन्यांकडून पूर्ण अहवाल मागवा, वर्षाला एकेक फुकट मिळतो. तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी शेरा काय लागेल ते लेखी विचारा. हरकत लेखी घ्या आणि पोच मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ वर मराठीत बोलता येतं.